उंबरठ्यावरचे वीस सेकंद

बस अजून थांबायची असते, तेवढ्यात टूर मॅनेजर माईक हातात घेतो. "मंडळी, छत्र्या, चष्म्याची घरं, स्टीलच्या बाटल्या आत्ताच पिशवीतून काढून हातात घ्या. गेटमधून जाताना हात असे पुढे धरायचे. पिशवी खांद्यावरच राहू द्या."

मागच्या सीटवरून एक काकू विचारतात, "आणि माझा लाडवांचा डबा?"

"तोही हातात, काकू."

"अरे, मी काय वाण द्यायला चाललेय का?"

अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला निघालेल्या कुठल्याही मराठी सहलीच्या बसमध्ये घडावा असा हा प्रसंग. पाचच मिनिटांनी काकू खरोखरच दोन्ही हातांत डबा धरून दोन खांबांच्या मधून चालत जातात. त्यांना कोणी अडवत नाही. त्यांच्या मागच्या आजोबांची छत्री मात्र पिशवीतच राहिलेली असते. रक्षकाच्या हातातल्या पडद्यावर आजोबांचं चित्र उमटतं आणि पिशवीच्या जागी लाल चौकोन दिसतो. "प्लीज, इकडे या." टेबल, पिशवीची चेन, छत्री, हसू, "हॅव अ मॅजिकल डे". मिनिटभराचा खेळ.

ते मिनिट आजोबांच्या दृष्टीने किरकोळ. पार्क चालवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच सगळा हिशेब आहे. दारावरची तपासणी म्हणजे शस्त्र शोधणारं यंत्र, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती सेकंदांची काटकसर असते. माणशी किती सेकंद खर्च करायचे आणि ते कोणावर, हा निर्णय माणसांनी आधी घेतलेला असतो. यंत्र फक्त तो पाळतं.

आधी फक्त तिकीट

वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला होता. आत आलेल्याला बाहेरचे रस्ते, विजेचे खांब, मोटारी दिसू नयेत हा त्याचा हेतू. बांधावरून छोटी आगगाडी धावते आणि माणसं रुळांखालच्या बोगद्यातून आत येतात. रोजचं जग मागे टाकण्याचा तो उंबरठा होता. तिथे फक्त तिकीट विचारलं जायचं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर उंबरठ्याच्या अलीकडे टेबलं मांडली गेली आणि पिशव्या उघडून पाहणं सुरू झालं. पुढची पायरी यायला चौदा वर्षं गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत गोळीबारात १४ माणसं मारली गेली. १७ डिसेंबरला डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिन्ही कंपन्यांच्या पार्कांच्या दारांत धातुशोधक यंत्रं दिसू लागली. डिस्नेने त्याच वेळी खेळण्यातल्या बंदुकांची विक्री थांबवली आणि १४ वर्षं व त्यापुढच्या पाहुण्यांना पात्रांचे पोशाख घालून यायला मनाई केली. मुखवट्यामागे चेहरा दिसत नाही आणि खोटी बंदूक दुरून खरीच वाटते, हे त्यामागचं साधं कारण. पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या डिस्नेलँडमधल्या एका हॉटेलात शिरताना एका माणसाच्या सामानात क्ष-किरण यंत्राला दोन पिस्तुलं सापडली.

तपासणीच्या टेबलावर सापडणारी सगळीच शस्त्रं हल्लेखोरांची नसतात. अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ या एका वर्षात प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या होत्या. "पिशवीत आहे हे विसरलोच" हे तिथलं नेहमीचं उत्तर. आपल्याकडे माणूस किल्ली विसरतो. जिथे बंदूक बाळगणं कायदेशीर आणि सवयीचं आहे, तिथे माणूस तीही विसरू शकतो. फ्लोरिडा असंच राज्य आहे.

राष्ट्राध्यक्षांची खाट आणि काकूंच्या पाटल्या

दाराची चौकट धातू कसा ओळखते, याची गोष्ट १८८१ मध्ये सुरू होते. २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात रुतून बसली. क्ष-किरणांचा शोध अजून चौदा वर्षं लांब होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. तारेची वेटोळी जोडून त्यांनी एक उपकरण तयार केलं. धातू जवळ आला की कानाला लावलेल्या टेलिफोनात आवाज यायचा. प्रयोगशाळेत ते चोख चाललं. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर फिरवल्यावर मात्र सगळीकडूनच गुणगुण ऐकू येऊ लागली, कारण गादीखाली स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

आजच्या तपासणीच्या दोन्ही अडचणी या एका गोष्टीत आल्या. यंत्र भलत्याच धातूला भुलतं आणि माणूस भलत्याच जागी शोधतो.

तत्त्व अजूनही तेच आहे. चौकटीतल्या वेटोळ्यांमधून विजेचे झटपट ठोके सोडले जातात. प्रत्येक ठोक्याबरोबर चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि विरतं. त्या बदलत्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे लहानसे भोवरे फिरू लागतात. या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. समोरच्या बाजूचं वेटोळं त्याची चाहूल घेतं. धातूला लोहचुंबक चिकटलाच पाहिजे असं काही नाही. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो. म्हणून स्टीलचा डबा, तांब्याचा तांब्या आणि सोन्याच्या पाटल्या या सगळ्यांची दखल घेतली जाते. त्यातही बांगडी जरा जास्तच बोलते. भोवऱ्याला फिरायला गोल वाट हवी असते आणि बांगडी म्हणजे तयार वाटच. गुडघ्याचा सांधा बदललेल्या आजींचीही चौकट दखल घेते. चौकट उंचीनुसार विभागलेली असते, त्यामुळे कुठल्या उंचीवरचा दिवा लागला यावरून रक्षकाला पाटली आणि गुडघा यांतला फरक कळतो.

किती धातू असला की वाजायचं, हे बटणाने ठरवता येतं. इथे विज्ञान संपतं आणि हिशेब सुरू होतो. बटण एका टोकाला फिरवलं तर सुट्ट्या नाण्यांवरही यंत्र ओरडेल. दुसऱ्या टोकाला फिरवलं तर लहान चाकू आत जाईल. नेमकं कुठे थांबायचं, हे कुठल्याही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

रांगेचं गणित

डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या एकाच पार्कला २०२३ मध्ये सुमारे पावणेदोन कोटी लोकांनी भेट दिली. म्हणजे रोजचे सरासरी ४८ हजार. सकाळी सगळ्यांनाच पहिल्या राइडचा नंबर लावायचा असतो. समजा, त्यांतले निम्मे पहिल्या दोन तासांत आले. मिनिटाला २०० माणसं झाली.

आता पिशवी उघडून हाताने तपासायला माणशी वीस सेकंद लागतात असं धरू. एका टेबलावर मिनिटाला तीन माणसं निघतील. २०० माणसांसाठी ६७ टेबलं हवीत. ६० टेबलं मांडली तर मिनिटाला १८० माणसं आत जातील आणि दर मिनिटाला २० मागे उरतील. दोन तासांनी दाराशी २,४०० माणसांची गर्दी असेल. सात टेबलं कमी पडली, तर एवढा फरक पडतो.

अमेरिकेतले गणिती जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांचा एक नियम सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की वाण्यालाही पटावा. मिनिटाला किती माणसं येतात याला प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो याने गुणा, म्हणजे रांगेतली माणसं मिळतात. मिनिटाला २०० माणसं आणि दहा मिनिटांची वाट, म्हणजे दाराशी कायम दोन हजार माणसं. रांग छोटी करायची तर पहिला आकडा कमी करता येत नाही. ती तर गिऱ्हाइकं आहेत. कमी करायचा तो वेळच.

जुलै २०२० मध्ये, कोविडच्या साथीतच, डिस्ने वर्ल्ड पुन्हा उघडलं. माणसाला हात न लावता तपासायची निकड होतीच. तेव्हा जुन्या चौकटींच्या जागी नवे खांब आले. 'इव्हॉल्व' या अमेरिकी कंपनीची ही यंत्रं. खिसे रिकामे करायचे नाहीत, पिशवी उतरवायची नाही, एकेकाने थांबायचं नाही, फक्त चालत राहायचं. खांबांमधल्या क्षेत्रात जे धातू येतात त्यांची ठेवण संगणक ताडून पाहतो आणि किल्ल्या, मोबाईल यांकडे काणाडोळा करतो. अशा एका यंत्रातून तासाला ३,६०० माणसं जाऊ शकतात, असा कंपनीचा दावा. म्हणजे सेकंदाला एक.

मग काकूंनी डबा हातात का धरायचा? संगणकाला वस्तू डोळ्यांनी दिसत नाही, फक्त धातूची ठेवण कळते. छत्रीचा दांडा म्हणजे धातूची नळी आणि बंदुकीची नळी म्हणजेही धातूची नळीच. चष्म्याच्या कडक घरात पोलादी पत्रा असतो. या वस्तू पिशवीत दडलेल्या असल्या की शंकेला जागा राहते. त्या शरीरापासून दूर, हात लांबवून उघड्यावर धरल्या की रक्षकाच्या डोळ्यांनाच उत्तर मिळतं. यंत्राची उणीव माणसाने अशी भरून काढायची.

खोट्या हाका

"कुठलाही धोका सुटणार नाही असं कडक यंत्र बसवा," असं आपण सहज म्हणतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. दिवसाला ५० हजार माणसं आणि त्यांतल्या पाच जणांकडे काहीतरी आक्षेपार्ह. यंत्र शंभरातल्या ९५ वेळा खरं शस्त्र पकडतं आणि शंभर निष्पापांपैकी पाच जणांवर उगाच ओरडतं. ऐकायला उत्तम. पण दिवसअखेर खोट्या हाका झाल्या अडीच हजार आणि खऱ्या जेमतेम पाच. म्हणजे दिवा लागला की पाचशेपैकी चारशे नव्व्याण्णव वेळा समोर छत्रीच असते. प्रत्येकीला एक मिनिट धरलं तरी अडीच हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४२ तासांचं मनुष्यबळ. बटण अजून कडक करून खोट्या हाका शेकडा वीसवर नेल्या तर त्या दहा हजार होतात.

पैशांपेक्षा मोठं नुकसान निराळंच. चारशे नव्व्याण्णव छत्र्या पाहिलेल्या रक्षकाचे डोळे पाचशेव्या वेळी किती उघडे असतील? लांडग्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे खोटं ओरडणारा मुलगा म्हणजे यंत्र आणि कंटाळलेला गाव म्हणजे रक्षक.

जाहिरातींमधून हे गणित गाळलेलं असतं. अमेरिकेत ग्राहकहिताची राखण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये इव्हॉल्ववर ठपका ठेवला. शस्त्र तेवढं पकडतो आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देतो, या कंपनीच्या दाव्यांनी दिशाभूल झाली, असं आयोगाचं म्हणणं होतं. तडजोडीत काही शाळांना करार रद्द करण्याची मुभा मिळाली. शाळा या हिशेबात खास अडचणीच्या, कारण प्रत्येक दप्तरात लॅपटॉप, वहीला धातूच्या रिंगा आणि वर छत्री.

दाराबाहेरची गर्दी

२२ मे २०१७ च्या रात्री इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अरीनात गाण्याचा कार्यक्रम संपत होता. हल्लेखोर तपासणी ओलांडून आत गेलाच नाही. तो बाहेरच्या दालनात थांबला. तिथे पालक मुलांना न्यायला जमले होते. २२ माणसं गेली. दार कितीही पक्कं केलं तरी दाराबाहेर माणसं साचली तर धोका फक्त चार पावलं मागे सरकतो, हा धडा त्या रात्रीने दिला. ब्रिटनने २०२५ मध्ये कायदाच केला. दोनशे किंवा जास्त माणसं जमतील अशा जागांनी हल्ल्याच्या प्रसंगी काय करायचं याची तयारी ठेवली पाहिजे, असं तो सांगतो.

म्हणून रांग आखूड करणं ही फक्त गिऱ्हाइकाची सोय नाही, ती सुरक्षाच आहे. मॅजिक किंगडमला एक आयता फायदा मिळाला. वाहनतळ आणि पार्क यांच्या मधे मोठं तळं आहे. सहलींच्या बस आणि मोटारी अलीकडच्या काठावर थांबतात. तिथून बोटीने नाहीतर मोनोरेलने पलीकडे जायचं. २०१७ मध्ये तपासणीची टेबलं पार्कच्या दारातून उचलून या अलीकडच्या काठावर आणि मोनोरेलच्या मार्गावरच्या हॉटेलांच्या स्थानकांवर नेली. एका दाराशी होणारी गर्दी चार-पाच ठिकाणी वाटली गेली. बोटीत पाय ठेवणारा प्रत्येक जण आधीच तपासलेला असतो आणि किल्ला जवळ येताना पिशवीची चेन कोणी उघडायला सांगत नाही. वॉल्ट डिस्नेचा उंबरठाही पुन्हा मोकळा झाला.

सेकंद वाचवण्यासाठी तिथे बर्फालाही बाहेर काढलं गेलं. १ मे २०१९ पासून सुटा बर्फ भरलेल्या पेट्या आणायला बंदी झाली. पेटी उघडली की बर्फात हात घालून तळापर्यंत चाचपावं लागे आणि मागची रांग ताटकळत राही. गोठवलेली बंद पाकिटं चालतात. ती उचलली की तळ दिसतो.

काही प्रवेशद्वारांशी कुत्रेही दिसतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाने कुत्र्यांना शिकवण्याची एक खास पद्धत विकसित केली. चालत्या माणसाच्या अंगाची ऊब हवेत उठते आणि त्याच्या मागे वासाचा माग राहतो. बोट गेल्यावर पाण्यावर लाटांची रेघ राहावी तसा. स्फोटकाचा कण असेल तर कुत्रा त्या मागात तो हुंगतो. कोणाला थांबवायचं नाही, पिशवी उघडायची नाही, माणशी शून्य सेकंद. अजून कुठल्या यंत्राला हे इतक्या सहजपणे जमलेलं नाही.

पिशवी कोणी उघडायची?

सेकंदांच्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे मान. जानेवारी २०१९ मध्ये शांघायच्या डिस्नेलँडच्या दारात कायद्याची एक विद्यार्थिनी आली. तिच्याकडे चाळीसेक युआनचा खाऊ होता. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हा तिथला नियम. रक्षकांनी पिशवी तपासली आणि खाऊ अडवला. तिने कंपनीला कोर्टात खेचलं. अमेरिकेतल्या आणि पॅरिसच्या पार्कांत खाणं नेता येतं, मग इथेच बंदी का, आणि माझ्या पिशवीत हात घालायचा अधिकार कोणी दिला, असे तिचे प्रश्न होते. चीनभर चर्चा पेटली. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि तिला ५० युआन मिळाले. त्याच महिन्यात पार्कने नियम बदलला. स्वतःपुरतं खाणं आत नेता येऊ लागलं आणि पिशवी पाहुण्याने स्वतःच्या हाताने उघडायची, रक्षकाने बघायचं, असं ठरलं.

पन्नास युआनमध्ये दुकानाचं आणि सुरक्षेचं टेबल वेगळं झालं. शस्त्र शोधण्याच्या निमित्ताने चिवडा पकडला जाऊ लागला की रांगेतल्या माणसाचा तपासणीवरचा विश्वास उडतो. लपवालपवी वाढते. स्वतः पिशवी उघडणारा माणूस तपासणीत भाग घेतो, तर दुसऱ्याने पिशवी उचकली की त्याची झडती होते.

आपल्याला याच्या उलटा अनुभवही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत स्टेशनं, मॉल, चित्रपटगृहं सगळीकडे चौकटी उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींतून आपण खिशात किल्ल्या, हातात मोबाईल, पाठीवर सॅक घेऊन रोज जातो. चौकट केकाटते, बाजूचा माणूस मान हलवतो आणि आपण पुढे जातो. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा तपासणीला सुरक्षेचं नाटक म्हटलं. यंत्र बिघडलेलं नसतं, ते आपलं काम करत असतं. बीप वाजल्यानंतरचे वीस सेकंद द्यायला तिथे कोणी नेमलेलाच नसतो.

त्या दिवशी संध्याकाळी बस हॉटेलकडे निघते तेव्हा लाडवांचा डबा रिकामा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी दुसरा पार्क. बस अजून वळतेय, टूर मॅनेजरने माईक शोधायला सुरुवात केलीय, आणि आजोबा छत्री मांडीवर आडवी घेऊन, चष्म्याचं घर तिच्यावर ठेवून, आधीच तयार बसलेले आहेत.